डीग्रोथ चळवळीत नव्याने येताय? आधी नोंदवही हातात घ्या

डीग्रोथ म्हणजे अर्थव्यवस्था सतत वाढवत नेण्याचा हट्ट सोडून वापर ठरवून कमी करायचा विचार. या चळवळीत बहुतेक जण काहीतरी वाचून येतात. जीडीपी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत गेला तर साधारण २४ वर्षांत दुप्पट होतो, हा हिशेब एकदा कळला की स्वस्थ बसवत नाही. पण चर्चासत्रांतच रमू नका. नवा स्वयंसेवक आला की मी त्याला आधी रिपेअर कॅफेत बसवते, म्हणजे लोक बिघडलेल्या वस्तू आणून स्वयंसेवकांसोबत दुरुस्त करतात तिथे.

मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा प्रकार सुरू केला. वस्तू आणणाऱ्याने ती ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं. इस्त्री तापत नसेल तर पुष्कळदा वायर प्लगपाशी किंवा इस्त्रीत शिरते तिथे तुटलेली असते. प्लग काढायचा, मल्टिमीटर (वायर सलग असेल तर बीप देणारं तपासणीचं यंत्र) लावायचा आणि वायर थोडीथोडी वाकवत न्यायची. बीप अडखळला की जागा सापडली. विजेचं काम येत नसेल तर हात लावू नका, नोंदी घ्या. कंपनी, मॉडेल, वय, दुरुस्त झाली का, नसेल तर का. हे शेवटचं ‘का’ नीट लिहा. ‘बॅटरी चिकटवलेली’, ‘सुटा भाग मिळत नाही’ असं. नुसतं ‘बिघडली’ लिहून काय कळणार? ओपन रिपेअर अलायन्स अशा नोंदी एकत्र करते, आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी भांडताना त्या कामी येतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याबद्दल कायदा केला; ठरावीक वस्तूंपुरता, पण केला. घोषणांपेक्षा या कंटाळवाण्या कागदांवर माझा भरवसा जास्त.

‘मग गरिबांनी गरीबच राहायचं का?’ हे तुम्हाला ऐकावं लागणारच. चिडू नका, प्रश्न रास्त आहे. मागणी मुख्यतः श्रीमंत देशांकडे आहे: ऊर्जा आणि कच्च्या मालाचा वापर ठरवून कमी करा, कामाचे तास घटवा, सार्वजनिक सेवा भक्कम करा. ही मंदी नव्हे; मंदी अशी ठरवून येत नाही. मात्र नुकतीच नोकरी गेलेल्या माणसापुढे हे पाठ म्हणून दाखवू नका.

या कामाचे पैसे बहुधा मिळत नाहीत, तेव्हा पोटापाण्याचं वेगळं बघा. अभ्यासच करायचा असेल तर बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात या विषयाची मास्टर्स पदवी आहे.

गटात शिरण्याआधी एक पाहून घ्या: बैठक संपल्यावर कप कोण विसळतं? दरवेळी त्याच दोघी-तिघी असतील, तर पाळ्या लावायचा विषय पुढच्या बैठकीत तुम्हीच काढा.