मनेरींची पत्रे एकत्र वाचताना : ख्रिस्ती-मुस्लिम अभ्यासगटासाठी

ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचे गट सुरू होतात उत्साहात, आणि चार-पाच बैठकांत थंडावतात. कारण साधे असते : समोर मजकूर नसतो. प्रेम, शांती, बंधुभाव यांवर पहिल्याच दिवशी एकमत होते आणि पुढे बोलायला काही उरत नाही. म्हणून विषय ठरवू नका, ग्रंथ ठरवा. कॅथलिक अभ्यासकांनी सूफी परंपरेवर गेल्या शतकात जे मोलाचे काम केले, ते मजकुराशी वर्षानुवर्षे बसूनच केले.

भारतातल्या गटाने सुरुवात शेख शरफुद्दीन मनेरी यांच्या पत्रांपासून करावी. मनेरी बिहारचे, फिरदौसी या सूफी सिलसिल्याचे (गुरुपरंपरेचे). 1381 मध्ये बिहार शरीफ येथे त्यांचे निधन झाले. चौसा येथील काझी शम्सुद्दीन यांना त्यांनी फारसीत लिहिलेली शंभर पत्रे ‘मक्तुबात-ए-सदी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचे इंग्रजी भाषांतर पाटण्यात आयुष्य घालवलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर पॉल जॅक्सन यांनी केले आणि ते 1980 मध्ये आले. उर्दू भाषांतरेही मिळतात. पत्रे छोटी आहेत, एका बैठकीत एक पुरते. शिवाय मनेरी शरियतची चौकट सोडत नाहीत. त्यामुळे ‘हा खरा इस्लाम नव्हेच’ हा आक्षेप पहिल्याच दिवशी येत नाही.

गट आठ ते दहा जणांचा असावा, दोन्ही बाजूंचे लोक साधारण सारखे. एका ख्रिस्ती माणसाभोवती सात मुसलमान, किंवा उलट, असे झाले की तो एकटा आपल्या सगळ्या धर्माचा वकील होऊन बसतो. निदान एकाला उर्दू वाचता यावी, फारसी येत असेल तर फारच उत्तम. पंधरवड्यातून एकदा दीड तास बसा. वेळ ठरवताना मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाची वेळ, पाहा. ती वर्षभर सरकत असते, त्यामुळे ‘दर शनिवारी साडेसहा’ असे कायमचे ठरवले की काही महिने मुस्लिम सभासद अर्ध्यातून उठतात. रमजान आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा सोडून द्या. सुरुवातीला सामुदायिक प्रार्थना ठेवू नका. कुणी भजन म्हटले, कुणी दुआ मागितली, की बाकीच्यांनी त्यात सामील व्हायचे की नाही हा पेच उभा राहतो. दोन मिनिटे शांत बसणे पुरे.

बैठकीची पहिली पंधरा मिनिटे पत्र मोठ्याने वाचा, एकदा उर्दूत, एकदा इंग्रजीत. पुढचा अर्धा-पाऊण तास मुस्लिम सभासद ते उलगडतील. या वेळात ख्रिस्ती सभासदांनी फक्त प्रश्न विचारायचे, ‘आमच्यातही असेच आहे’ हे वाक्य उच्चारायचे नाही. मग एका ख्रिस्ती सभासदाने पत्राचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगायचा आणि मुस्लिम सभासदांनी ‘हो, हेच म्हटले आहे’ असा निर्वाळा द्यायचा. तो मिळेपर्यंत पुढे जायचे नाही, त्यात सगळी बैठक गेली तरी चालेल. तुलना त्यानंतर, आणि ख्रिस्ती मजकूर आला की हाच क्रम उलटा.

हे कशासाठी, ते पहिल्याच पत्रात कळते. पत्र तौहीदवर, म्हणजे ईश्वराच्या एकत्वावर आहे. मनेरी चार पायऱ्या सांगतात : नुसत्या जिभेने एकत्व मान्य करणे; मनाने, परंपरेमुळे किंवा युक्तिवादाने पटणे; अंतःकरणातल्या प्रकाशाने प्रत्येक कृतीमागे एकच कर्ता दिसणे; आणि शेवटी ईश्वराखेरीज काहीच न दिसणे. त्याला अक्रोडाची उपमा आहे : वरची साल, कवच, गर आणि गरातले तेल. चौथ्या पायरीशी आले की मराठी वाचक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, चटकन ‘म्हणजे अद्वैतच’ म्हणून मोकळा होतो. इथे थांबवा आणि पुढचा दृष्टांत वाचायला लावा. सूर्याच्या प्रखर प्रकाशात धूलिकण दिसेनासे होतात. पण मनेरी बजावतात की कण नाहीसे झाले असे नव्हे आणि कण सूर्य झाले असेही नव्हे. प्रत्येकाला वहीत एक वाक्य लिहायला सांगा : या अवस्थेत नेमके काय होत नाही? दहा जणांची दहा वाक्ये वाचून दाखवली की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

शब्दांची वही सगळ्या गटाची मिळून एकच ठेवा. रकाने चार : शब्द, कुरआनातील आयत, मनेरींचा वापर, आणि कोणत्या ख्रिस्ती कल्पनेशी तो गल्लत करू नये. दुसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका. लुई मासिन्यों या फ्रेंच कॅथलिक विद्वानाने 1922 मध्ये दाखवून दिले की सूफी परिभाषा मुख्यतः कुरआनाच्या सततच्या पठणातून आणि चिंतनातून घडली, बाहेरून उसनी आणलेली नाही. इराकमध्ये जन्मलेले येशूसंघीय पॉल नुविया यांनी 1970 च्या ग्रंथात तोच धागा सूफींच्या कुरआनभाष्यांतून आणखी पुढे नेला. शब्द अडला की आधी आयत शोधायची, ही सवय त्यांच्याकडून घ्या.

दुसरे पत्र तौबेवर, म्हणजे पश्चात्ताप करून ईश्वराकडे वळण्यावर आहे. त्याच्याशेजारी लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला (15:11–32) ठेवा. ही जोडी चांगली चालते. आयतींत 66:8 आणि 2:37 घ्या. दुसरीत ईश्वर स्वतः आदमकडे वळतो, आणि दाखल्यात बाप मुलाकडे धावत जातो. इथपर्यंत दोघे जवळ येतात. फरकही तिथेच मांडा : कॅथलिक परंपरेत धर्मगुरूसमोर पापकबुलीचा संस्कार आहे, इस्लाममधल्या तौबेत असा मध्यस्थ नाही.

साम्य दिसले की ‘कुणी कुणाकडून घेतले’ हा प्रश्न निघतोच. त्यासाठी स्पॅनिश धर्मगुरू मिगेल आसीन पालासिओस यांची दोन प्रमेये शेजारी ठेवून पाहावीत. 1919 मध्ये त्यांनी मांडले की इटालियन कवी दान्तेच्या परलोकवर्णनामागे मिराजच्या, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या, कथा आहेत. पंडितांनी विचारले, दान्तेपर्यंत त्या पोचल्या कशा? 1949 मध्ये मिराजच्या ग्रंथाची तेराव्या शतकातली लॅटिन आणि फ्रेंच भाषांतरे छापली गेली आणि निदान वाट तरी सापडली. दुसरे प्रमेय रोंदाचे सूफी इब्न अब्बाद आणि स्पॅनिश ख्रिस्ती गूढवादी संत योहान ऑफ द क्रॉस यांच्यातल्या साम्याचे. तिथे साम्य विलक्षण आहे, पण अशी वाट दाखवणारा पुरावा हाती आलेला नाही. गटाचा नियम असा ठेवा : वाट दाखवता आली तरच ‘प्रभाव’ म्हणायचे, एरवी ‘साम्य’.

चर्चची अधिकृत भूमिका एकदा वाचून घ्यावीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र (28 ऑक्टोबर 1965), त्यातला तिसरा परिच्छेद पुरेसा आहे. त्यात मुसलमानांविषयी आदर आहे, एका ईश्वराची उपासना, अब्राहाम, मरिया यांचा उल्लेख आहे. पैगंबर मुहंमद आणि कुरआन यांचे नाव मात्र नाही. मुस्लिम सभासद हे टिपणारच. ख्रिस्ती सभासदांनी ते आधीच स्वतः सांगावे, सारवासारव करू नये.

हल्लाज शेवटी, निदान सहा पत्रे झाल्यावर. 922 मध्ये बगदादला देहदंड झालेल्या या सूफीवर मासिन्यों यांनी आयुष्य वेचले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजीत चार खंड आहेत : चरित्र, मरणोत्तर परंपरा, शिकवण आणि सूची. चौथा तर वाचण्यासाठी नाहीच. गटाने 1994 ची एकखंडी संक्षिप्त आवृत्ती घ्यावी आणि शिकवणीसाठी तिसरा खंड जवळ ठेवावा. मासिन्यों यांना हल्लाजच्या मृत्यूत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची छाया दिसते. ग्रंथाचे सामर्थ्य त्यात आहे, आणि धोकाही. ख्रिस्ती वाचक तेवढेच उचलतात. मुस्लिम वाचकाला मात्र कुरआनातील 4:157 आठवते, जिथे ईसाला (येशूला) क्रूसावर मारल्याचे नाकारले आहे. म्हणून त्या दिवशी आधी ही आयत आणि तिच्यावरची मुस्लिम भाष्ये वाचा, मग हल्लाजची स्वतःची वचने, आणि मासिन्यों यांचा अर्थ सगळ्यांत शेवटी.