मूल बोलत नसेल, तर आधी कान तपासा

दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर विसंबून थांबू नये. पुण्यात ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा धनकवडीच्या भारती विद्यापीठातील वाक्-श्रवण विभागात आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. भाषेचे मूल्यमापन त्यानंतर. बेरा चाचणी (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात, हे डोक्याला तारा लावून पाहणारी श्रवणचाचणी) मूल गाढ झोपेत असताना उत्तम होते, म्हणून त्या दिवशी त्याला पहाटेच उठवावे आणि वाटेत रिक्षात डुलकी लागू देऊ नये. आमची पहिली खेप अशा डुलकीमुळेच वाया गेली. पुढे बोलणे शिकवणाऱ्या थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडील) नोंदणी पाहावी. खरे काम मात्र घरातच होते: पोळी लाटताना त्याच्यासमोर बसून ‘गोल’, ‘गरम’ हे शब्द सावकाश, पुन्हापुन्हा म्हणावेत आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे.