नॉर्वेतले हिरवे छप्पर: पाणी अडवते ती भूर्जाची साल

नॉर्वेतल्या जुन्या लाकडी घरांच्या छपरावर गवत डुलताना दिसते, म्हणून ते छप्पर मातीचे वाटते. खरे छप्पर असते मातीखाली: भूर्जाची साल. आपल्या जुन्या पोथ्यांचे भूर्जपत्र याच झाडाच्या जातकुळीतले. पाणी साल अडवते, गवताच्या ढेपा तिला दाबून धरतात. एवढे लक्षात ठेवून काम करा.

आधी वजन. ओले छप्पर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. घर ६ मीटर लांब आणि प्रत्येक पाखे ३ मीटर रुंद असेल, तर ३६ चौरस मीटरचे ९ टन झाले, बर्फ वेगळा. त्यामुळे वासे आणि आढे जाडजूड हवे. ओंडके रचून केलेल्या भिंतींना हा भार मानवतो, फटी दबून वारा कमी शिरतो. उतार २२ ते ४५ अंश ठेवा. कमी ठेवला तर पाणी रेंगाळते, जास्त झाला तर ढेपा घसरतात.

साल उन्हाळ्याच्या तोंडाशी, झाडात रस चढलेला असताना सहज सुटते. फक्त बाहेरची काढा. आतल्या सालीला सुरी लागली तर झाड जाईल. सुटलेली साल खोडावर होती त्याच्या उलटी वळते, पांढरी बाजू आत घेऊन. म्हणून लगेच सपाट रचून वर दगड ठेवा.

छपराच्या फळ्यांवर साल वळचणीपासून आढ्याकडे लावत जा, कौलांसारखी, वरची ओळ खालचीवर चढवून. थर २ ते ६, जमतील तितके जास्त. सर्वांत खालची ओळ फळीच्या बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीवर येणार नाहीत. सालीत खिळा मारू नका. प्रत्येक भोक म्हणजे गळती. प्रत्येक ओळीवर लगेच ढेपा ठेवत वर सरका, नाहीतर साल गुंडाळते किंवा वाऱ्याने उडते.

ढेपा जुन्या कुरणातून घ्या, मुळे दाट विणलेली, ३० सेंटिमीटर चौरस, ७-८ सेंटिमीटर जाड. वर सांगितलेल्या घरासाठी दर थराला साधारण ४००, म्हणजे एकूण ८००. पहिला थर गवत खाली करून: वाळलेले गवत सालीला आंबट मातीपासून वाचवते. दुसरा गवत वर करून. त्याची मुळे खालच्या थरात उतरून सगळे एकजीव होते. सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

वळचणीला आडवा ओंडका हवा, वाकड्या लाकडी आकड्यांनी धरलेला. तो सालीला घट्ट चिकटवू नका, खालून पाणी निसटायला वाट हवी. ती तुंबली की ओंडका कुजतो आणि मागची माती सुटते. छपरावर उगवलेली झाडांची रोपे दरवर्षी लहान असतानाच उपटा, कारण त्यांची मुळे साल शोधत खाली जातात.