कमी ऊर्जेत चालणारे घर कसे बांधावे

कमी वीज लागणारे घर बांधायचे म्हटले की बहुतेक जण सौर पॅनेलपासून विचार सुरू करतात. माझ्या मते पॅनेल हा शेवटचा टप्पा आहे. जी उष्णता घरात शिरलीच नाही ती बाहेर काढायला वीज लागत नाही, आणि ती शिरणार की नाही हे बरेचसे नकाशा काढतानाच ठरते.

म्हणून नकाशापूर्वी मोकळ्या जागेवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभे राहून ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो आणि कोणत्या झाडाची सावली कोठे पडते हे टिपून घ्यावे. मग घराची लांबी शक्यतो पूर्व-पश्चिम दिशेने ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे कललेले ऊन झेलणाऱ्या पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती आखूड राहतात.

त्यानंतर खिडक्या आणि छज्जे ठरवावेत, आणि येथे घाई अजिबात करू नये. 30 अंश उत्तर अक्षांशावर भर दुपारी सूर्य 21 जूनच्या सुमारास क्षितिजापासून सुमारे 83.5 अंशांवर, तर 21 डिसेंबरच्या सुमारास केवळ 36.5 अंशांवर असतो. दक्षिणेकडील 1.2 मीटर उंचीच्या खिडकीच्या अगदी माथ्यावर 60 सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर जूनच्या दुपारी ती पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये वरचा सुमारे 44 सेंटिमीटरचा भाग सोडला तर उरलेल्या काचेतून ऊन आत येते. आपल्या अक्षांशाप्रमाणे हे गणित वास्तुविशारदाकडून करून घ्यावे. दक्षिण गोलार्धात हाच विचार उत्तरेच्या खिडकीला लागू होतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे असल्याने छज्जाला दाद देत नाही. तेथे खिडकी लहान ठेवावी आणि बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडपा लावाव्यात. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावरच अडवतो, त्यामुळे बरीच उष्णता खोलीतच राहते.

उष्ण प्रदेशात छताकडे भिंतींहून अधिक लक्ष द्यावे. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच्या बाजूने, जलरोधक थराशी नीट मेळ घालून टाकावा आणि वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवावा. थंड प्रदेशात हा थर भिंतींतूनही अखंड न्यावा, चौकटींभोवतीच्या फटी गिलाव्यापूर्वी बुजवाव्यात आणि घर जितके हवाबंद होईल तितकी ताज्या हवेची वेगळी सोय करावी, अन्यथा ओल धरते.

साहित्य निवडताना सिमेंट जपून वापरावे, कारण त्यासाठी चुनखडी भाजतानाच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भार पेलण्यास आवश्यक नसलेले काँक्रीट कमी करावे. जुने लाकूड, दारे आणि दगड सुस्थितीत असतील तर पुन्हा वापरावेत.

एवढे झाल्यावरच यंत्रांकडे वळावे. पाणी तापवण्यासाठी उष्मा पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) घेतल्यास अनुकूल हवामानात वापरलेल्या विजेच्या सुमारे तिप्पट उष्णता मिळते. उरलेली गरज मोजून पॅनेलची संख्या ठरवावी, आणि ती पुढे बसवायची असली तरी छतावर सावलीमुक्त जागा राखून वायरीसाठी नळी भिंतीतून आत्ताच घालून ठेवावी.