जुन्या ओबीएमची प्रेशर टाकी काढून पडद्याचा पेट्रोल पंप कसा बसवायचा

नांदेडात पूर येतो तो बहुतेक वेळा वरच्या पाण्यानं. जायकवाडीतून गोदावरीत विसर्ग वाढला, येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी पूर्णेतून खाली आलं, की विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात आणि काठच्या वस्त्यांत होड्या फिरायला लागतात. त्या होड्यांच्या मागं बाहेरून लावलेल्या बऱ्याच मोटारी, म्हणजे ओबीएम (आउटबोर्ड मोटार), जुन्या असतात, आणि ऐन धारेत बंद पडलेल्या मोटारीत बिघाड बहुतेक वेळा पेट्रोलच्या वाटेवरच सापडतो. टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाला पेट्रोल पंप बसवायचं काम सहज जमतं. फक्त दोन-तीन ठिकाणी नीट लक्ष द्यावं लागतं.

आधी आपली मोटार कोणत्या जातीची आहे ते ओळखा. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड कंपन्यांच्या पुष्कळ मोटारींवर पंपच नसतो. टाकीकडून जोडनळी येते. एका नळीतून इंजिनची हवा टाकीत जाते आणि त्या दाबानं दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर चढतं. म्हणजे दाबाखाली असलेली पेट्रोलची टाकी माणसांच्या पायाशी, तीही मे महिन्यातल्या आपल्या बेचाळीस डिग्रीच्या उन्हात. पॅकिंग जरा सैल झालं की पेट्रोल होडीत पसरतं. ही टाकी दुरुस्त करत बसू नका, काढूनच टाका. एकच नळी असेल तर पंप मोटारीवरच आहे. तुम्हाला फक्त पंपाचं किट (पडदा, झडपा, पॅकिंग) बदलायचं आहे.

पंप चालतो क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्याच्या, श्वासावर. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, खाली आला की दाब. ही ओढ-दाब, म्हणजेच पल्स, एका बारीक भोकातून पंपाच्या रबरी पडद्यामागं पोचते आणि पडदा प्रत्येक फेऱ्याला आत-बाहेर होतो. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला दोन झडपा असतात, एक टाकीकडून पेट्रोल आत घेते, दुसरी कार्बोरेटरकडं सोडते. वीज नाही, गिअर नाही. म्हणून पंप घेण्याआधी क्रँककेस दाब धरतो का ते बघा. क्रँकचं सील गेलेलं असेल तर नवा पंपही पेट्रोल ओढणार नाही.

बिघाड पंपातच आहे हे ओळखायची खूण अशी. मोटार सुरू होते, थोडी चालते, मग मिस मारत बंद पडते. नळीतला हातपंप (हातानं दाबायचा रबरी फुगा) दाबत राहिलं की चालू राहते. असं असेल तर पंप अशक्त झालाय. हातपंप आपोआप चपटा होत असेल तर दोष टाकीकडं आहे, झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते आधी पाहा. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर कुठंतरी हवा धरतेय. आणि पल्सच्या नळीत पेट्रोल सापडलं, एकाच सिलिंडरचा प्लग ओला निघाला, तर पडदा फाटला म्हणून समजा.

पंप मोटारीवरच असेल तर खोलण्याआधी तिन्ही थरांवर खिळ्यानं एक तिरपी रेघ ओढा आणि मोबाइलवर फोटो काढा. पॅकिंग आणि पडदा यांचा क्रम उलटला तर पंप मुकाट बसतो. जुना पडदा उजेडाकडं धरून हलकेच ताणा. भोक मध्यभागी क्वचितच मिळतं. ते सापडतं कडेला, जिथं धातू रबराला चिमटा घेतो तिथं, सुईच्या टोकाएवढं. पडदा कडक होऊन त्यावर वळी पडलेली असेल किंवा झडपांच्या पाकळ्यांची टोकं वर उचललेली असतील, तरी तो गेलेलाच. सांध्याला सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे सुटून थेट जेटमध्ये जातात. स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जायला वेळ लागत नाही.

आता प्रेशर टाकीची मोटार. तिच्यासाठी मिकुनी पद्धतीचा छोटा पल्स पंप घ्या, ज्याला तीन तोंडं असतात: पल्स, आत आणि बाहेर. खरा प्रश्न पल्स कुठून घ्यायचा हा. टाकीला हवा देणारं जुनं तोंड समोरच दिसतं, म्हणून तिथंच नळी खोचायचा मोह होतो. पण त्या वाटेवर पातळ पाकळ्यांच्या झडपा असतात आणि त्या फक्त दाब बाहेर सोडतात, ओढ अडवतात. शिवाय दोन्ही सिलिंडरची हवा तिथं एकत्र येते. एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली, त्यामुळं नुसत्या झडपा काढल्या तरी ओढ आणि दाब एकमेकांना मारतात. पल्स एकाच सिलिंडरचा हवा.

तो घ्यायची सोपी जागा म्हणजे सिलिंडरच्या बाजूला स्क्रूंनी बसवलेलं बायपासचं, म्हणजे क्रँककेसमधून सिलिंडरकडं जाणाऱ्या वाटेचं, झाकण. झाकण काढूनच भोक पाडा. इंजिनवर असताना पाडलं तर ॲल्युमिनियमचा कीस आत जाऊन पिस्टन खरवडेल. आटे पाडून पितळी निपल बसवा, आट्यांना पेट्रोल सोसणारं सीलंट लावा, आणि निपलचं टोक आतल्या बाजूनं बाहेर डोकावत नाही ना ते बोटानं चाचपा. झाकणाचं पॅकिंग नवं घाला. हवेचं जुनं तोंड मात्र पक्कं बुजवा, नाहीतर क्रँककेसचा दाब तिथून निसटत राहील.

पंप पल्सच्या निपलपेक्षा वर बसवा, म्हणजे नळीत साचलेलं तेल परत क्रँककेसमध्ये उतरतं. पल्सची नळी जाड भिंतीची आणि आखूड, वीतभर पुरे. मऊ किंवा लांब नळी स्वतःच फुगते-आकसते आणि पडद्यापर्यंत जोर पोचत नाही. टाकी साधी, हवेचा स्क्रू असलेली घ्या, मग हातपंप, त्यावरचा बाण इंजिनकडं ठेवून, मग पारदर्शक गाळणी, मग पंप. छोट्या मोटारीला ६ मिमी आतल्या व्यासाची नळी चालते. प्रत्येक जोडावर होज क्लिप हवीच.

गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जास्त दाबानं कार्बोरेटरची नीडल उचलली जाऊन ओव्हरफ्लो होतो, आणि मोटार बंद पडल्यावर नळी निसटलेली असेल तरी तो पंप पेट्रोल ओततच राहतो.

रबराबद्दल मी आग्रहानं सांगतो. आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या साठ्यातलं रबर त्यात फुगतं, चिकट होतं. किट आणि नळी दोन्ही इथेनॉल सोसणारीच मागा. हे पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून तेल मिसळलेलं पेट्रोल हंगामभर टाकीत ठेवू नका. या जुन्या मोटारींना २४ ला १ प्रमाणात तेल लागतं, म्हणजे लिटरला साधारण ४२ मिली. मोपेडचं प्रमाण इथं चालत नाही.

चाचणी उघड्यावर घ्या, जवळ विडी-काडी नको, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. २०० लिटरच्या टिपाडात पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरा. कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. हातपंप कडक होईपर्यंत दाबा, प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल बघा, मगच दोरी ओढा. मोटार सुरू झाली की हातपंपाला हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटं ती स्वतःच्या जोरावर, न अडखळता चालली पाहिजे. टिपाडात फुल रेस देऊ नका, ती परीक्षा नदीत, काठाजवळ, वल्ही सोबत ठेवून.

तासभर चालवल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळा. एक जादा पडदा, हातभर नळी, दोन क्लिपा आणि स्क्रू ड्रायव्हर प्लास्टिकच्या डब्यात बंद करून होडीतच बांधून ठेवा.