फ्युएल गेजमध्ये चार्जिंगचा करंट शून्य दिसत होता: माझा अनुभव

फ्युएल गेज म्हणजे करंट मोजून बॅटरीत किती चार्ज आहे ते सांगणारं सर्किट. माझ्या गेजवर लोड (करंट खेचणारं उपकरण) लावला की करंट बरोबर दिसे. चार्जिंगला मात्र शून्य, बॅटरीचे टक्के वाढतच नव्हते. गेजची चिप बदलली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. दोन आठवडे डोकं पिकलं.

दोष ग्राउंडचा, म्हणजे निगेटिव्हच्या जोडणीचा होता. चार्जरची निगेटिव्ह थेट सेलच्या निगेटिव्हला होती, म्हणून चार्जिंगचा करंट १० मिलीओहमच्या सेन्स रेझिस्टरला (ज्याच्यावरच्या व्होल्टेजवरून गेज करंट मोजतो) वळसा घालून जात होता.

आधी चार्जर आणि लोड काढले, मग बॅटरी. चार्जरची निगेटिव्ह रेझिस्टरच्या सेलपासून पलीकडच्या टोकाला, लोडच्या ग्राउंडसोबत जोडली. मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंडही तिथेच (हे हमखास चुकतं!). सेलच्या बाजूला फक्त रेझिस्टर आणि गेजचं ग्राउंड ठेवलं. सेन्सच्या दोन्ही तारा थेट रेझिस्टरच्या पॅडवरून घेतल्या. वाटेतल्या तारेचा रोध मोजला जाऊ नये म्हणून. परत जोडताना आधी बॅटरी, मग चार्जर.

१ अँपिअरला रेझिस्टरवर १० मिलीव्होल्ट मिळाले, गेजवरही १ अँपिअरच.