छंद मंडळाची वर्गणी कशी ठरवावी

बऱ्याच मंडळांत वर्गणीचा आकडा बैठकीत तोंडी ठरतो. कुणी पाचशे म्हणतं, कुणी "एवढे कोण देणार, तीनशे ठेवा" म्हणतं आणि चहा येईपर्यंत तीनशेवर एकमत होतं. मंडळाचा वर्षाचा खर्च किती, हा कागद त्या वेळी कुणाच्याच हातात नसतो. पुढे खोलीचं भाडं थकतं, दोघं-तिघं खिशातून भर घालतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तेच दोघं-तिघं कंटाळून बाजूला होतात. त्यांच्यामागे मंडळ फार दिवस टिकत नाही.

म्हणून आधी खर्च लिहायचा, मग माणसं मोजायची आणि आकडा सगळ्यात शेवटी काढायचा. न्याय्य वर्गणीची आमची कसोटी दोन गोष्टींची आहे. क्वचित येणाऱ्याने दर वेळी येणाऱ्याचा खर्च उचलू नये, आणि ज्याला परवडत नाही त्याला चारचौघांत सवलत मागावी लागू नये.

उदाहरणासाठी लातूरसारख्या शहरातलं ४० जणांचं आकाशदर्शन मंडळ घेऊ. आठ इंची आरशाची एक दुर्बीण, वाचनालयाची महिन्याने घेतलेली एक खोली, आणि अमावस्येच्या जवळच्या शनिवारी बालाघाटच्या माळरानावर एक फेरी. खालचे भाव हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पद्धत तीच ठेवा.

खर्चाचे तीन कप्पे

पहिला कप्पा चालू खर्चाचा. कुणी आलं न आलं तरी हा होतोच. खोलीभाडं महिना ५०० प्रमाणे ६,०००. बॅटऱ्या, लाल कागद लावलेले टॉर्च, लेन्स पुसायचं साहित्य आणि सिलिका जेल मिळून १,५००. पावती पुस्तक आणि झेरॉक्स ८००. बँकेचे चार्जेस आणि किरकोळ ७००. वार्षिक सभेचा चहा-नाश्ता माणशी ५० प्रमाणे २,०००. हिशेब तपासणीची फी ३,०००. बेरीज १४,०००.

"पावसाळ्यात चार महिने आभाळच दिसत नाही, मग बारा महिन्यांची वर्गणी कशाला?" हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर याच कप्प्यात आहे. भाडं बारा महिने लागतं, आणि दुर्बिणीला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते पावसाळ्यातच. दमट हवेत आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, काचेवर बुरशी धरते. ती एकदा काचेच्या थरात शिरली की पुसून जात नाही. आयपीसच्या डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते ओलीने भरले. ते बदला किंवा तापवून वाळवा, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

दुसरा कप्पा मोठ्या वस्तूंच्या निधीचा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दुर्बीण ४५,०००ची, दहा वर्षं चालेल, म्हणून वर्षाला ४,५०० बाजूला टाकले की झालं, असं वाटतं. पण दहा वर्षांनी ती ४५,०००ला मिळणार नाही. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर तीच वस्तू साधारण ८०,६०० रुपयांना पडेल. दरवर्षी ४,५०० टाकून त्यावर ६ टक्के व्याज धरलं तरी हातात ५९,३०० च्या आसपास येतात. वर्षाला ६,००० टाकले तर सुमारे ७९,००० होतात, म्हणजे जवळपास गाठतं. शिवाय आरशाचं चकचकीत कोटिंग काही वर्षांनी उतरतं. आपल्याकडच्या धुळीत लवकरच. ते परत करून घ्यायला सहा वर्षांनी ६,००० लागतील असं धरून वर्षाला १,००० वेगळे. निधी एकूण ७,०००. हा पैसा चालू खात्यात ठेवू नका, फिक्स डिपॉझिट करा. हाताशी असलेला पैसा नाश्त्यात जातो.

चालू खर्चावर १० टक्के, म्हणजे १,४००, अडीअडचणीसाठी जास्तीचे धरा. आता वर्गणीतून उभी करायची रक्कम झाली २२,४००.

तिसरा कप्पा वापराच्या खर्चाचा, आणि तो वर्गणीत घालायचाच नाही. माळरानावर जाण्याचं पेट्रोल, रात्रीचं जेवण, शेतमालकाला जागेचे दिलेले पैसे हे त्या रात्री आलेल्यांनी वाटून घ्यावेत, सरळ टीटीएमएम. जाऊन-येऊन ७० किलोमीटर, गाडीचा ॲव्हरेज १४, म्हणजे ५ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ धरले तर ५२५. टायर-सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरला २ रुपये प्रमाणे १४०. एकूण ६६५. गाडीत पाच जण असतील तर रक्कम चौघांत वाटा आणि गाडी आणणाऱ्याला वाटा लावू नका. त्याने गाडी दिली, रात्रभर जागून चालवली. चौघांना माणशी १६६, म्हणून १७० घ्या. हा खर्च वर्गणीत मिसळला की वर्षातून दोनदा येणारे म्हातारे सभासद आठही फेऱ्या करणाऱ्या तरुणांचं पेट्रोल भरतात. ते उघड बोलत नाहीत, पुढच्या वर्षी पावती फाडत नाहीत.

माणसं मोजताना

यादीत ४० नावं आहेत म्हणून ४०ने भागू नका. गेल्या वर्षी खरोखर पैसे किती जणांनी भरले ते पावती पुस्तकात बघा. नवं मंडळ असेल तर यादीच्या ८० टक्के धरा. इथे ३२ झाले. त्यात २४ जण पूर्ण वर्गणी देणारे आणि ८ जण अर्धी देणारे आहेत, म्हणजे विद्यार्थी, एकाच घरातला दुसरा सभासद आणि सवलतीचे. दोन अर्धे मिळून एक पूर्ण. तेव्हा २४ अधिक ४, असे २८ वाटे. २२,४०० भागिले २८, वर्गणी ८००, अर्धी ४००.

४०ने भागलं असतं तर ५६० आले असते. ऐकायला बरं वाटलं असतं, पण प्रत्यक्षात २८ वाट्यांचे १५,६८०च जमले असते. म्हणजे ६,७२० रुपये कमी, जवळजवळ निधीचा सगळा कप्पाच. दुर्बीण आज चालते म्हणून हे खड्ड्यासारखं दिसत नाही, सात-आठ वर्षांनी दिसतं.

सभेत सांगताना ८०० हा एकच आकडा सांगू नका. फोड करून सांगा: ५०० चालू खर्चाला, २५० दुर्बिणीच्या निधीला, ५० अडीअडचणीला. फोड समोर असली की चर्चा नेमकी होते. कुणी म्हणेल खोली सोडून कुणाच्या घरी बसू. ठीक आहे, चालू खर्चातून ६,००० आणि त्यावरचे १० टक्के म्हणजे ६०० कमी झाले की वाट्याला २३५ वाचतात. पण मग दुर्बीण कुठे ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली कुणाकडे मागायची, हेही तिथेच ठरवा.

पैसे कधी मागायचे

मराठवाड्यात हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. जूनमध्ये वर्गणी मागू नका. बी-बियाणं, खत, शाळेचा प्रवेश, वह्या-पुस्तकं सगळं त्याच महिन्यात येतं, आणि नोकरदार सभासदाचंही बहुधा घरी शेत असतं. सोयाबीन निघून दिवाळी झाली की घरात पैसा असतो, आणि आभाळही तेव्हाच निवळतं. म्हणून सभासदत्वाचं वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर ठेवा. हप्ते हवे असतील तर ४०० नोव्हेंबरात आणि ४०० फेब्रुवारीत, तूर विकल्यावर. दोनपेक्षा जास्त हप्ते करू नका. वसूल करणाऱ्याचाच जीव जातो. हिशेबाचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्चच राहू द्या आणि पैसे ज्या दिवशी आले त्या तारखेलाच जमा लिहा.

मध्येच येणाऱ्यासाठी आधीच ठरवून ठेवा: जानेवारीअखेरपर्यंत पूर्ण ८००, फेब्रुवारी ते एप्रिल ६००, मेपासून पुढे ४००. शिवाय एकदाच १०० किंवा २०० प्रवेश फी. ती निधीत टाका, कारण दुर्बीण जुन्यांच्या पैशातून आली आहे आणि नवा माणूस ती पहिल्या रात्रीपासून वापरणार आहे.

पाहुण्यांचा दर काळजीपूर्वक लावा. ऑक्टोबर ते मे आठ फेऱ्या होतात. पहिली फेरी फुकट आणि पुढे ५० लावले तर वर्षाचे ३५० होतात. मग ८०० देऊन सभासद कोण होईल? १२० लावले की सात फेऱ्यांचे ८४० होतात आणि सतत येणारा आपणच पावती फाडतो.

सवलत कशी द्यायची

सवलतीचे वाटे अंदाजपत्रकात आधीच धरलेले असले की कुणाला सूट देताना कुणावर उपकार होत नाही. विचारणा फक्त अध्यक्ष आणि खजिनदारापर्यंत जावी, तीही तोंडी चालेल. उत्पन्नाचा दाखला, अर्ज असलं काही मागू नका. पावती भरलेल्या रकमेचीच द्या. वार्षिक सभेत "सवलतीचे सभासद ३" एवढंच वाचा, नावं नकोत. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ही संख्या वाढते. दुष्काळी वर्षात सवलतीचे दोन-तीन वाटे जास्त धरूनच भागाकार करा.

पदाधिकाऱ्यांना मात्र वर्गणी माफ करू नका. ते जास्त राबतात हे खरं, पण ज्याच्या हाती पैसा आहे त्याचीच पावती पुस्तकात नसली की कुजबुज सुरू होते आणि चांगल्या माणसाला विनाकारण डाग लागतो.

आजीव सभासदत्व टाळा, हे आमचं ठाम मत. ५,००० घेऊन एखाद्याला आजीव केलं की तो पैसा बहुधा त्याच वर्षी खर्च होतो आणि पुढची वीस वर्षं त्याच्याकडून काही येत नाही. द्यायचंच असेल तर गणित करा. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळत असेल तर वर्षाला ८०० यायला सुमारे १२,३०० रुपये कायम ठेवीत हवेत. एवढे देणारा असेल तर घ्या, पण ठेव मोडायची नाही असं नियमात लिहा.

पावती, खातं आणि थकबाकी

प्रत्येक पैशाला क्रमांकाची पावती, खाली कार्बन प्रत. यूपीआयने आलेल्या रकमेच्या पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा. पैसे खजिनदाराच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका. नोंदणी नसेल तर दोघांच्या संयुक्त नावाने वेगळं बचत खातं उघडा आणि दोघांच्याही सह्या लागतील असं ठेवा. वर्गणीच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही. तो लागतो ५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला, एक रुपयाचा, म्हणजे एखाद्याने मोठी देणगी दिली तरच.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीला किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून दाखल करणं आलं. म्हणून तपासणीची फी पहिल्याच वर्षापासून चालू खर्चात धरा.

आयपीस घरी नेणाऱ्याकडून १,००० अनामत घेत असाल तर ती वहीत वेगळ्या पानावर लिहा. अनामत हे मंडळाचं उत्पन्न नाही, ती परत द्यायची आहे. वर्षाअखेर शिल्लक मोजताना अनामत वजा करा, नाहीतर शिल्लक आहे असं वाटून ती खर्च होते आणि सभासद परत मागायला आला की पळापळ.

थकलेल्यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. महिनाभर थांबा, मग एकाने फोन करावा, शक्यतो ज्याची ओळख आहे त्याने. दोन महिन्यांनी साहित्य घरी देणं बंद, तीन महिन्यांनी नाव कमी. तो माणूस पुढच्या वर्षी परत आला तर जुनी बाकी मागू नका, प्रवेश फी घ्या आणि नवी पावती फाडा. जुन्या बाकीच्या भीतीने कितीतरी माणसं परत येत नाहीत.

दुसऱ्या छंदांना हेच तीन कप्पे लागतात, फक्त वस्तू बदलतात. बॅडमिंटनला कोर्टाचं भाडं वर्गणीत आणि शटल त्या दिवशी खेळणाऱ्यांकडून. शटल वर्गणीत घातली की चार तास खेळणारा आणि अर्धा तास खेळणारा सारखेच. गाण्याच्या मंडळात तबल्याची पुडी बदलणं आणि पेटीचे सूर जुळवून घेणं निधीत धरा, कारण हा खर्च दर महिन्याला दिसत नाही आणि आला की एकदम येतो. नळदुर्ग, औसा, कंधार असे किल्ले बघत फिरणाऱ्या गटाला वस्तू कमी आणि प्रवास जास्त, म्हणून त्यांची वर्गणी अगदी लहान असली तरी चालते.

दरवाढ दरवर्षी करा, थोडी, आणि ५०च्या पटीत. ८०० चे ८५० कुणाला जाणवत नाहीत. पाच वर्षं आकडा तसाच ठेवून एकदम १,२०० केले की सभा वर्गणीवरच संपते. खर्च कमी झाला असेल तर वर्गणीही कमी करून दाखवा. शिल्लक उरली तर निम्मी निधीत टाका आणि निम्मी पुढच्या वर्षाच्या भागाकारातून वजा करा. आणि मंडळ कधी बंद झालंच तर दुर्बीण आणि उरलेली रक्कम कोणत्या शाळेला किंवा वाचनालयाला जाईल, हे पैसा थोडा असतानाच ठरावात लिहून ठेवा.